बिनफिरकीची बंदूक

माझ्या भावाला सगळे पाणकावळा म्हणायचे. रंग तसाच, मान तशीच लांब, आणि पाण्यातून बाहेर आला की दोन्ही हात पसरून उन्हात उभा राहायचा तेही तसंच. त्याला त्याचा राग नव्हता. उलट कुणी खऱ्या नावाने हाक मारली की हा मागे वळून बघायचा, दुसरं कोण आलंय म्हणून.

काम एकच. श्वास धरून बुडी मारायची आणि खडकातले मासे भाल्याच्या बंदुकीने मारायचे. बंदूक म्हणजे दारूगोळ्याची नव्हे हो. लांब दांडा, त्याच्यावर लोखंडी भाला, मागे ताणलेलं रबर. चाप ओढला की भाला सुटतो. भाल्याला दोरी, दोरीचं दुसरं टोक बंदुकीला, म्हणजे मासा भाला घेऊन पळून जायला नको. एवढाच संसार. जाळं नाही, गळ नाही. मी त्याची थोरली बहीण. बाजारात मासे साफ करून द्यायचा माझा कट्टा आहे. त्याने मारायचे, मी विकायचे, खवलं काढायची आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायची. अशी आमची जन्माची वाटणी.

तो गेला. गेला ते गेला, पाण्यावर पोट असलेल्या घराला ते ऐकायची तयारी ठेवावीच लागते. पण तो कसा गेला यावरून त्याच्या पोरीने जे डोक्यात घेतलंय, ते मला सहन होत नाही. ती म्हणते, मी बापाला हलक्यातली बंदूक घेऊन दिली म्हणून बाप गेला. हे तिच्या डोक्यातून निघायला हवं. नाही निघालं तर तिच्या धाकट्या भावाचं काय होणार ते मला लख्ख दिसतंय, आणि मला सोडून कुणालाच दिसत नाहीये. डोकं फिरतं माझं!

आधी त्याचं पहिलं सामान कसं होतं ते सांगते, म्हणजे बाकीचं कळेल.

सगळं घरचं. पहिली बंदूक त्याने पलंगाच्या पायाची केली. खोटं नाही सांगत. लग्नातला पलंग, चांगलं जड लाकूड, एक पाय काढला आणि तिथे विटा लावल्या. माझी भावजय माहेरून आली तर नवरा विटांवर झोपलाय. ती म्हणाली, "वन्सं, याला तुम्ही लहानपणी पाण्यातच का नाही ठेवलात?" पुढे बाकीचे तीन पायही गेले आणि पलंग जमिनीला टेकला. बरं झालं, ती म्हणायची, आता पडायची भीती नाही.

रबर सायकलच्या ट्यूबचं. भाला वेल्डरकडून सळईला धार लावून आणलेला, दोन माशांत वाकणारा. चष्म्याची काच खिडकीची आणि त्याच्या कडेचं रबर ट्रकच्या ट्यूबचं, त्यामुळे पाणी आत यायचंच. डोळे कायम लाल. नवखं माणूस म्हणायचं, सकाळी सकाळी घेतलीय वाटतं. आणि खाली जायला कंबरेला शिसं लागतं, नाहीतर माणूस बुचासारखा वर येतो. ते शिसं तो गॅरेजमधून गोळा करायचा, चाकांना लावतात ते तुकडे. ते वितळवायला एकदा भावजयीची कढई नेली. कढई गेली कामातून आणि हा शिव्या खाताना हसतोय! "अगं, कढईपेक्षा नवरा वर येतोय हे बघ ना."

कारण त्या पट्ट्याची खरी गंमत वर येण्यातच होती. ट्यूबची पट्टी, त्यात शिसं ओवलेलं, आणि पुढे सुरगाठ. टोक ओढलं की पट्टा खाली आणि माणूस वर. जरा छातीत दाटलं, जरा कान दुखला, की हा गाठ ओढायचा. बंदूक अडकली तर बंदूकही सोडायचा. विचार म्हणून करायचा नाही. रिकाम्या हाताने, रिकाम्या कंबरेने वर यायचा आणि होडीची कड धरून खोकायचा. त्या खडकांच्या तळाशी आमच्या पलंगाचे चारही पाय पडलेत आणि किती शिसं पडलंय ते समुद्रालाच ठाऊक.

भावजय ओरडायची, "शिसं काय झाडाला लागतं?" मीही ओरडायचे. घरी आल्यावर परत लाकूड तास, परत सळई शोध. हा आपला अंगणात बसून शीळ घालत तासायचा. म्हणायचा, "आक्का, टाकायची वस्तू टाकायच्याच लायकीची असावी." आम्हाला वाटायचं, कंजूषपणाला छान कपडे घालतोय.

आता पोरीचं सांगते. पोरगी हुशार. तयार कपड्यांच्या कारखान्यात लागली, मालाच्या तपासणीवर. दिवसभर दिव्याखाली उभं राहायचं, शिवण ओढून बघायची, काजं मोजायची, एक टाका सुटलेला दिसला की शर्ट बाजूला फेकायचा. तिच्या हाताखालून वाईट माल जायचा नाही. माझ्याकडे आली तरी माझ्या बाहीची शिवण ओढून बघायची. मी म्हणायचे, "सोड गं बाई, आत्या आहे मी, परत पाठवता येत नाही."

ती सुट्टीवर आलेली असताना याचं रबर तुटलं. ताणताना फटकन तुटलं आणि तोंडावर बसलं, डोळ्याच्या खालीच. अर्धा चेहरा वांग्यासारखा झाला. वर आला तो हसत, पण पोरीचं तोंड उतरलं. आणि तसंही दिवस फिरले होते. काठाजवळचा मासा संपत चालला होता. दुकानातलं सामान घेऊन तरणीताठी पोरं खोल जायची आणि याची पलंगाची बंदूक तिथवर पोचायची नाही. माझ्या कट्ट्यावर त्याचे मासे बोटभर यायला लागले होते. मांजरांच्या गिऱ्हाइकीचे.

"बाबा, बस झालं हे लाकूडकाम," पोरगी म्हणाली. "मी घेऊन देते. नीट, दुकानातली."

दुकानात आम्ही तिघं गेलो. त्याला काचेच्या दारातून आत न्यायलाच मला त्याचा शर्ट धरून ओढावं लागलं. आत गार हवा, भिंतीवर बंदुका ओळीने टांगलेल्या, खालून दिवे सोडलेले. दुकानदार भला माणूस होता, ते आधीच सांगते. तो खोटं बोलला नाही. पोरीने त्याचा घाम काढला, तरी चिडला नाही. तिने प्रत्येक बंदूक उलटी करून बघितली, चाप दहादा ओढला, नळीवर नख फिरवलं, रबर ताणून उजेडात धरलं. सरतेशेवटी दोन उरल्या. दोन्हींची नळी तीच, चाप तोच, भाला तोच. फरक एकच, महागडीच्या मुठीखाली फिरकी होती. मासा ओढायला लागला की फिरकीवरची दोरी सुटत जाते, म्हणजे माशाला पळू द्यायचं आणि आपण बंदूक धरून निवांत वर यायचं.

पोरीने विचारलं, "फिरकी लागतेच का?"

दुकानदार म्हणाला, "रोजच्या कामाला ही साधी पुरते. फिरकी फार मोठ्या माशासाठी. असली तर बरी."

आणि माझ्या भावाने हात झाडला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय, कुणी सांगोवांगी नाही. "फिरकी कशाला? आजपर्यंत होती का? काही अडलं का माझं?" वर मला डोळा घालून म्हणाला, "आक्का, नाकापेक्षा मोती जड होईल."

पोरगी थोडी घुटमळली. मग साधी घेतली, आणि वाचलेल्या पैशांत त्याला चांगला चष्मा आणि शिशाचा पट्टा घेतला, पोलादी बकलाचा. साधी म्हणजे काय, तिच्या कितीतरी महिन्यांची कमाई होती ती! तिने कुठला खर्च मारला, काय खाल्लं, काय नाही खाल्लं, ते तिने सांगितलं नाही. पण बापाला कळलं. बाहेर आल्यावर त्याने रस्ताभर बंदूक मला धरायला दिली नाही.

तिथून बिनसलं. पण तेव्हा कुणाला कळतंय? तेव्हा सगळं बरंच दिसत होतं.

चष्म्यात पाणी यायचं बंद झालं. म्हणाला, आक्का, खाली एवढे रंग आहेत हे मला माहीतच नव्हतं. खोल जायला लागला. मासे यायला लागले, असे की माझा सुरा कमी पडावा. गिऱ्हाइकं माझ्याकडे परत वळली. भावजयीने पलंग घेतला, पायांसकट. घरात हसणं आलं.

आणि तो ती बंदूक तळहाताच्या फोडासारखी जपायला लागला. रोज गोड्या पाण्याने धुवायची, पुसायची, टॉवेलात गुंडाळून नव्या पलंगावर ठेवायची. पलंगावर! भावजय खाली. होडीत बंदुकीखाली गोधडी घालायला लावायचा. त्याच्याबरोबर कायम एकच होडीवाला असायचा, लहानपणापासूनचा दोस्त, बोलायला फटकळ. तो म्हणायचा, "बाबा रे, मला एवढं कधी जपलं नाहीस." कुणी भेटलं की हा सांगणार, पोरीने घेतलीय. तुम्ही विचारा न विचारा. बाजारात अनोळखी माणसाला थांबवून सांगितलेलं मी बघितलंय.

पण एक गोष्ट होडीवाल्याच्या ध्यानात आली आणि त्याने ती मला सांगितली होती. म्हणाला, "आक्का, याने टाकायचं सोडलंय." पूर्वी हा महिन्यातून एकदा तरी मोकळ्या हाताने वर यायचा. आता भाला कपारीत अडकला तर परत परत बुडी मारून सोडवून आणतो, तोंड काळंनिळं होईपर्यंत. पट्टा तर एकदाही सोडला नाही. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, ते काय गॅरेजचं शिसं आहे? पोरीच्या घामाचं आहे." मी म्हटलं, गाढवा, जीव कुणाच्या घामाचा आहे? तो हसला. पालथ्या घड्यावर पाणी.

तो दिवस साधा होता. समुद्र शांत, ऊन स्वच्छ. मी कट्ट्यावर एका बाईशी वाद घालत होते, ती म्हणत होती माशाचे डोळे बसलेत. तेवढ्यात होडीवाला बाजाराच्या तोंडाशी दिसला. त्याच्या हातात टोपली नव्हती आणि तो अंगभर ओला होता. होडीवाला कधी ओला नसतो. माझ्या हातातला सुरा तिथेच पडला. त्या बाईने काय केलं मला आठवत नाही.

त्याने सांगितलं ते असं. भावाने खाली मोठा मासा मारला, खडकातला, भलाथोरला. मासा भाला घेऊन कपारीत घुसला आणि आत फुगून बसला. दोरी ताठ. एका टोकाला मासा, दुसऱ्या टोकाला बंदूक, बंदुकीच्या मागे माझा भाऊ. पाणी इतकं निवळ होतं की होडीवाल्याला वरून दिसत होतं. हा ओढतोय, पाय खडकाला लावून ओढतोय. होडीवाला वरून होडीवर वल्हं आपटत होता, सोड म्हणून. खाली ऐकू जातं ते. मग याने ओढायचं थांबवलं. होडीवाल्याला वाटलं, सोडलं आता, येतो वर. आला नाही.

होडीवाल्याने उडी टाकली. म्हाताऱ्या छातीने तो कसा खाली पोचला त्याचं त्याला माहीत. पट्ट्याचं बक्कल त्याने एका बोटाने उघडलं. एका बोटाने, इतकं चांगलं होतं ते. भावाच्या पोटरीला सुरी होती, म्यानातच. दोरी कापायची म्हटली तरी फक्त भाला गेला असता. तोही त्याने जाऊ दिला नाही. आणि बंदुकीच्या मुठीवरची बोटं एकेक करून उचकटावी लागली.

मी रडले, ओरडले, समुद्राला शिव्या घातल्या. मग त्याला शिव्या घातल्या. अजून घालते. माणूस गेल्यावर त्याच्यावर रागावू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातंय? ज्याचं जळतं त्याला कळतं.

पोरगी आली. रडली नाही. घरात माणसं बसलेली, तिने बापाची बंदूक मागितली. दुसऱ्या दिवशी होडीवाल्याने ती परत जाऊन काढून आणली होती, सगळी, भाल्यासकट. पोरगी ती घेऊन खिडकीपाशी बसली आणि तपासायला लागली. कारखान्यात करते तसंच. चाप, नळी, रबर, मूठ, भाल्याचं टोक, दोरीची प्रत्येक गाठ. नख फिरवत होती. भावजय म्हणाली, "वन्सं, तिच्या हातातून घ्या ते." माझी हिंमत झाली नाही.

काही सापडलं नाही. सापडणार काय? बंदुकीत खोट नव्हतीच. एक जरी टाका उसवलेला निघाला असता तर ती दुकानदाराच्या अंगावर धावून गेली असती आणि मोकळी झाली असती. तिने बंदूक मांडीवर ठेवली, मुठीखालच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "फिरकी इथे बसते."

तिथून जे धरलं ते धरलं.

मी तिला स्वयंपाकघरात घेऊन बसले आणि सगळं सांगितलं, तुम्हाला सांगितलं तसंच. "हे बघ, तुझी बंदूक उत्तम होती. पट्टा उत्तम होता. लाकडाची असती तर तो सोडून वर आला असता, इथे बसून खोकत बसला असता. त्याच्याने सोडवेना, कारण ती तू दिलेली. यात तुझा काय दोष? प्रेमाने दिलं, त्याने प्रेमाने धरलं."

हे तोंडातून निघालं आणि मलाच कळलं की हे काही औषध नाही. पोरीला म्हणतेय तुझा दोष नाही, आणि सांगतेय काय, तर तू दिलंस म्हणून गेला. आगीतून काढून फुफाट्यात टाकतेय तिला. पण दुसरं काय सांगू? खरं तेच होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "फिरकी असती तर सोडायची वेळच आली नसती, आत्या. बाबा धरूनसुद्धा वर आले असते."

ती चुकीचं बोलत नव्हती. दुकानदाराने तेच सांगितलं होतं.

मी होडीवाल्याला बोलावून आणलं. तो म्हणाला, "अगं पोरी, कपारीत फिरकीची दोरीसुद्धा अडकते. मी बघितलंय. फिरकी असो नसो, अडकली की सोडायची, एवढंच असतं." पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे.

"तुम्ही दोघं एकच बोलताय," ती म्हणाली, "म्हणजे ठरवून आलात. मला बरं वाटावं म्हणून. दोन वस्तू समोर होत्या, काका. चांगली आणि त्याहून चांगली. मी भाव बघितला. दिवसभर दुसऱ्यांच्या शर्टाची शिवण बघते, आणि बापाच्या वेळेला भाव बघितला."

"बाबा स्वतः नको म्हणाला होता गं! मी होते तिथे!"

"बाबा नकोच म्हणणार होते. चपला घेतानासुद्धा नको म्हणायचे. ते माझ्यावर होतं."

काय करता? खोटं सांगितलं असतं तर एखाद वेळेस पटलं असतं. खरं पटेना. ती परत कामावर गेली. तिच्याबरोबरच्या मुली सांगतात, ती आता फार माल बाजूला टाकते. ज्यात काही नाही त्यातही तिला खोट दिसते. साहेब दोनदा बोलले तिला.

आणि इकडे तिचा भाऊ. तरणा, नुकतंच लग्न झालेला, बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा. त्या पगारात घर चालेना. बाप होता तोवर चाललं. मग तोही पाण्यात उतरायचं म्हणाला. आम्ही नको म्हणालो, मी, भावजय, त्याची बायको. पण नको म्हणून चूल पेटत नाही, आणि पाणी त्याच्या अंगात होतंच. होडीवाला म्हणाला, माझ्याबरोबरच येऊ दे, नाहीतर त्या खोल जाणाऱ्या पोरांबरोबर जाईल. मी भावाचं लाकूड तासायचं सामान काढून त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, घरची बंदूक कर, गॅरेजचं शिसं आण, मासे कमी मिळाले तरी चालतील. तो हसला. "आत्या, त्या बंदुकीने आता तिथे काय मिळणार? खेकडेसुद्धा हसतील."

त्याचंही खरं होतं. सगळ्यांचंच खरं आहे, हाच तर वैताग आहे.

पोरीला, म्हणजे त्याच्या ताईला, कळलं तेव्हा ती भांडली नाही, अडवलं नाही. मला वाटलं, बरं झालं. आठवड्याभराने आली ती मोठं खोकं घेऊन. दुकानातली सगळ्यात वरची बंदूक, ती फिरकीवाली नव्हे, तिच्याही वरची. दोन फिरक्या, विलायती रबर. पट्टा असा की हात लावायला भीती वाटावी. लग्नासाठी म्हणून तिने जे बाजूला टाकलं होतं ते सगळं त्या खोक्यात होतं. भावजयीने विचारलं, "आणि तुझं?" ती म्हणाली, "मला नाही करायचं." चहा मागावा तितक्या साधेपणाने म्हणाली.

तिचा भाऊ खोक्यापुढे बसून राहिला. त्याचे डोळे भरले. त्याने ती बंदूक दोन्ही हातांनी उचलली, लहान मूल उचलतात तशी. मी ओरडले, "अरे, ठेव ती खाली! आपट जमिनीवर एकदा, ओरखडा पाड तिला!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हातारीला भ्रम झाला, असंच वाटलं असणार.

मी हट्ट धरला. म्हटलं, पाण्यात जायच्या आधी सोडायची सवय करायची. माझ्यासमोर. नाहीतर मी होडीपुढे आडवी पडेन. होडीवाला माझ्या बाजूने होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पायऱ्यांपाशी गेलो, जिथे पाणी डोक्याच्या थोडं वर असतं. ताईही आली. मी वर उभी राहून मोजायचं आणि दगड आपटायचा, त्याने खाली आवाज ऐकला की हातातलं आणि कंबरेचं सोडून वर यायचं. यात अवघड काय आहे? त्याच्या बापाला हे झोपेत जमायचं.

तो खाली गेला. मी दगड आपटला.

तो वर आला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात पट्टा. बक्कल उघडलं होतं, कंबर मोकळी होती, आणि सगळं शिसं त्याने हातात धरून वर आणलं होतं. जीव खाऊन पाय मारत होता, नाकातोंडात पाणी जात होतं.

"सोड म्हटलं ना रे!" मी बोंबलले.

"सोडला की!" तो खोकत म्हणाला. "कंबरेवरून सोडला की!"

"मग हातात काय आहे?"

"खाली दगड आहेत, आत्या. नवा आहे तो."

होडीवाल्याने मान फिरवली. मी परत करायला लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा मी त्याच्या बापाची शपथ घातली, तेव्हा त्याने बंदूक आधी नीट पायरीवर आणून ठेवली आणि मग रिकाम्या हाताने बुडी मारून दाखवली. म्हणाला, "हं, झालं का समाधान?"

मग ताई पायऱ्या उतरून पाण्यात आली, कपडे भिजले तरी. मला वाटलं, आता तरी ही त्याला चार शब्द सुनावेल, हिचं ऐकेल तो, हिने एकदा म्हटलं की टाक ते, तर टाकेल. मी हातसुद्धा जोडले तिला, खरंच जोडले.

तिने त्याच्या हातातला पट्टा घेतला. ओढणीने पुसला. उन्हाकडे धरला आणि बकलावरून नख फिरवत कुठे काही लागलंय का ते बघायला लागली. मग भावाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "असाच जप हं."

"जपतो, ताई," तो म्हणाला.